तासाला किती टक्के

खोलीत लोखंडी कपाट एक. त्यात जुन्या डिस्क सहा, तिने आणलेल्या नव्या दोन. खुर्ची एक, तापमान अठरा अंश, काचेचं दार एक, अर्धवट उघडं. आणि दारापलीकडे एक माणूस... गळ्यात हेडफोन, डोळे मिटलेले.

नवी डिस्क बसवताना तिच्या बोटांतून स्क्रू निसटला.

"कपाटाखाली, डाव्या कोपऱ्यात," तो डोळे न उघडता म्हणाला.

तिने हात घातला. स्क्रू तिथेच होता.

"कान आहेत की काय आहे?"

"कानांवरच तर पोट चालतं."

तो त्या ध्वनिसंग्रहातला नोंदकार. नद्या, पाखरं, म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा... दिवसभर ऐकायचं आणि ऐकलेलं लिहून ठेवायचं. आवाज वाढत गेले, जागा संपत आली, म्हणून तिला बोलावलं होतं.

"या सहा डिस्क मिळून, त्यांना चालवणारा कंट्रोलर एकच मोठी डिस्क दाखवतो. व्हर्च्युअल डिस्क," तिने समजावलं. "आता ती आठांची करायची. जागा वाढेल. शिवाय आज एक डिस्क गेली तर तुमचे आवाज वाचतात, पुढे दोन गेल्या तरी वाचतील."

"आणि डिस्कवाल्या बाई गेल्या तर?"

तिने स्क्रू जरा जास्तच पिळला.

"प्रत्येक आवाज तुकड्यातुकड्याने उचलून नव्याने मांडला जाईल. एकदा सुरू केलं की मध्येच थांबवता येत नाही. तीन दिवस धरा. तुम्ही जितकं ऐकाल, तितकं ते हळू चालेल."

"असं?" त्याने एकच डोळा उघडला.

सोमवारी सकाळी दहाला तिने फेरमांडणी सुरू केली. वेग, तासाला एक पूर्णांक चार टक्के. गुरुवारी संध्याकाळची गाडी. पुढचं काम दुसऱ्या गावी, सहा महिन्यांचं.

ती जेवून आली तेव्हा तिच्या खुर्चीवर त्याचा स्वेटर होता. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली यायच्या.

मंगळवारी तिला एक गोष्ट कळली. डिस्कवरचे हिरवे दिवे एका लयीत लुकलुकत. लय मोडली की समजायचं, तो ऐकतोय. मग पडद्याकडे पाहायचं सोडून ती दिव्यांकडेच पाहत राही. लय सरळ झाली की नजर आपोआप काचेपलीकडे जाई... खुर्ची रिकामी, तो चहाला गेलेला. दहा मिनिटांची ती रिकामी खुर्ची तिला जड जाई. सहा महिन्यांचं गणित तिने करून पाहिलंच नाही. तिला, जिला गणितावाचून चैन पडत नसे!

बुधवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, उद्या निघतेयस ना? की डिस्कशीच संसार मांडलास?"

"गप रे!"

फोन ठेवून तिने आकडा पाहिला. साडेचार वाजले होते, शहात्तर टक्के व्हायला हवे होते. झाले होते एकसष्ट. कुठली डिस्क बिघडतेय? आठही तपासल्या. ठणठणीत. मग तिने नोंदी उघडल्या. तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, चहाची दहा मिनिटं सोडून, एकच आवाज चार कॉम्प्युटरवर एकदमच चालू होता. 'नदी, काठावरून, नऊ तास.'

ती दार ढकलून त्याच्यासमोर उभी राहिली.

"एकच नदी चार ठिकाणी कशी ऐकता हो?"

त्याचे कान लाल झाले.

"शेजारचे तिघं सुट्टीवर आहेत. कॉम्प्युटर मोकळे होते."

"मला खरं कारण हवंय."

तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"तुम्हीच म्हणालात ना, जितकं ऐकाल तितकं हळू... आणखी काही सुचलं नाही मला. थांबा म्हणायचा माझा काय हक्क?" मग अगदी हळू, "तुम्ही हसायच्या आधी बारीक श्वास घेता. तो कुठल्याच फाइलमध्ये नाही."

ती हसली नाही. पण श्वास घेतला, आणि तो त्याने ऐकला.

"नद्या बंद करा," ती म्हणाली. "चारही."

त्याचा चेहरा उतरला. एकेक करून त्याने त्या बंद केल्या.

"फेरमांडणीला किती ताकद द्यायची, तो आकडा माझ्या हातात असतो," ती बाहीत बोटं लपवत म्हणाली. "आत्ता तीस आहे. तुमच्या आवाजांची दुसरी प्रत मी सोमवारीच काढून ठेवलीय, त्यामुळे घाई कसलीच नाही. हक्काचं म्हणाल तर... तो तुम्ही मागून तरी बघायचा होता."

आत जाऊन तिने तिसाचे दहा केले. मग भावाला फोन लावला.

"उद्याचं तिकीट रद्द कर. सोमवारचं काढ."

"का गं?"

"काम हळू चाललंय."

तिने वही उघडली. बुधवार, संध्याकाळचे पाच. पूर्ण, एकसष्ट टक्के. वेग, तासाला शून्य पूर्णांक चार टक्के. उरलेला वेळ, सत्त्याण्णव तास तीस मिनिटं.