कानात सांगायचं

हे मी लिहिणारच नव्हतो. मोबाईलवर दोन ओळी टाइप केल्या, खोडल्या, चहा प्यालो... आणि परत बसलो. कारण गोष्ट माझी नाही, माझ्या मित्राची आहे, संघदीपची. आणि तिच्यातलं सगळ्यात गोड जे आहे, तेच मला माहीत नाही!

तर झालं असं. दोन हजार तेराचा डिसेंबर. गोंदियाजवळच्या गोरेगावचा आठवडी बाजार. हवेत नव्या धानाचा वास. संघदीप एटीएमच्या खोलीत मशीन उघडून गुडघ्यांवर बसला होता. गोंदियाहून निघायचं आणि तालुक्या-तालुक्यातली एटीएम दुरुस्त करत फिरायचं, हेच त्याचं काम. तेवढ्यात एक पांढरी काठी टक्कन त्याच्या पान्ह्यांच्या पेटीवर आपटली.

"कोन बसलं आहे रस्त्यात?"

"मेकॅनिक, म्याडम..."

तिचा चेहरा त्याच्या आवाजाकडे वळला. ओठांच्या कोपऱ्यात दबलेलं हसू. संघदीपच्या हातातला स्क्रू निसटून कुठे गेला, त्याला कळलंच नाही.

ही नीला. तहसीलच्या टेलिफोनवर बसायची. जन्मापासून दिसत नव्हतं. मशीन सुरू झाल्यावर तिनं कार्ड वॉचमन बकारामकडे दिलं. त्यानं पिन विचारलासुद्धा नाही, सरळ दाबला आणि पैसे तिच्या हातात ठेवले.

"पिन तर गुपित असते ना, म्याडम?"

"माझा नाही. बकाराम काकाले माहीत, बांगडीवाल्या सुशिलाबाईले माहीत, काका सुट्टीवर असले की रांगेतल्या कोनालेही माहीत. गोरेगावात तुम्हीच एक राहिले... सांगू का?"

हसत होती ती. पण पैसे पर्समध्ये ठेवताना हसू जरा विझलं. "एकदा तरी कोनाले न सांगता काढाचे आहेत मले."

"म्याडम, या मशीनले बोलता येते. आवाज कोनी चालूच नाही केला."

ती थबकली. "मग काऊन थांबून राहिले?"

पुढच्या बाजाराला संघदीप हजर. कंपनीची परवानगी, आवाजाचा प्रोग्राम, सगळं घेऊन. मशीनला इअरफोनचं भोक होतं. पण याला वाटलं, बिचारीला नीट ऐकू नाही आलं तर? म्हणून त्यानं घरचा गाणी ऐकायचा स्पीकर आणून जोडला! नीलानं कार्ड घातलं, बटण दाबलं... आणि मशीननं तिची सगळी शिल्लक अख्ख्या रांगेला खणखणीत आवाजात सांगून टाकली.

"अवं माय!" रांगेतून सुशिलाबाई ओरडली. "एवढे पैसे, अन् बांगड्या घेताना घासाघीस करते!"

रांग खदखदली. नीलाचे कान लाल झाले.

"मले डोळे नाहीत, मेकॅनिक," ती हळूच म्हणाली. "कान आहेत. अन् या सगळ्यायलेही आहेत."

काठी टकटकत बाजारात निघून गेली.

तो आठवडा संघदीपला जेवण गोड लागलं नाही. परत आला तेव्हा त्यानं स्पीकर काढला, इअरफोन लावला, स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि दारापासून मशीनकडे निघाला. पहिल्याच झटक्यात कचऱ्याच्या डब्यावर धडकला.

"पाहा वं नीला," बकाराम दारातून हसला, "रुमाल बांधून आंधळी कोशिंबीर खेळून राहिला हा!"

"तो डबा हलवा, काका. मीही दर वेळी धडकते त्याले." नीला आत आली होती. "रुमाल काऊन, मेकॅनिक?"

"चुकलं माझं, म्याडम. कुठं कुठं अडते ते पाहाचं होतं."

"मग?"

"सगळ्यात जास्त तर... तुमच्यापाशीच अडून राहिलो."

नीलाच्या ओठांवर ते दबलेलं हसू परत आलं. रुमाल सोडल्यावर त्यानं पाहिलं ते.

इअरफोन तिच्या हातात देऊन, बकारामला दंडाला धरून, संघदीप बाहेर आला. काचेचं दार लावलं. दाराकडे पाठ करून उभा राहिला. आतून काहीच आवाज नाही... मशीन बोलत होतं, पण फक्त तिच्याशी.

दार उघडलं.

"बदलला," ती म्हणाली. चेहरा नुसता उजळलेला.

"काय?"

"पिन! आता गोरेगावात कोनालेच माहीत नाही."

"मलेही नाही?"

"तुले तर बिलकुल नाही."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"पण तुझा नंबर सांग," ती म्हणाली. "टेलिफोनवाली आहो. एकदा ऐकला की विसरत नाही."

तो खाकरला. "नऊ..."

"हळू!" बाहेरच्या रांगेनं कान टवकारले होते, सुशिलाबाई तर टोपली घेऊन पुढेच सरकली होती. नीलानं केस मागे सारले आणि कान पुढे केला. "इथं."

संघदीप वाकला. नंबर सांगितला. मग... आणखी काहीतरी सांगितलं.

नीलाचा कान पुन्हा लाल झाला. पण या वेळी ती गेली नाही. मान वर केली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो!"

"काय हो? अवं, काय हो?" बकाराम ओरडत राहिला.

लग्नात पंगतीला मी संघदीपच्या शेजारी बसलो होतो. विचारलं, "काऊन बे, बोलला काय होता तू तिच्या कानात?"

तो वरणभात कालवत हसला. "एकदा स्पीकर लावून पाहिला ना भाऊ. आता नाही."

बरं बाबा, राहू दे. वचन देतो तुले... पुन्हा नाही विचारणार.