किटलीवाला अजून बसला नाही

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. कुणाला पटवत बसायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. घडलं ते असंच घडलं, आणि भर सकाळी घडलं. काळोख नव्हता, अमावस्या नव्हती, काही नाही. लख्ख ऊन होतं.

जागा लुआंग्वा नदीच्या काठची. दिवस सप्टेंबर संपतानाचे, म्हणजे आमच्याकडे जमीन तव्यासारखी तापायला लागते ते.

मी लॅक्सन. इथलाच. जन्मभर जंगलात लोकांना पायी फिरवलं, आता जास्त करून फोटोवाल्यांच्या सहली आखतो. तोफेएवढ्या लेन्स घेऊन येतात ही माणसं, आणि त्यांना सगळं आधी आखून लागतं. ऊन कुठल्या अंगानं येणार, होडी कुठे बांधायची, पक्षी किती जवळ. जनावरं आमच्याकडे पैशाला पासरी. हत्ती दारातले आंबे खाऊन जातात. पण ऑक्टोबरात येणाऱ्यांना हत्तीचं कौतुक नसतं. त्यांना हवे असतात लाल वेडे राघू.

हे राघू नदीच्या उभ्या दरडीत बिळं करतात. हजारोंनी. मेख एवढीच, की दर पावसाळ्यात नदी दरड पाडते आणि राघू दुसरी शोधतात. नवी कुठली ते घरी बसून कळत नाही. पायी जाऊन बघावं लागतं.

यंदा त्यांनी नेमकी ती दरड धरली.

तिकडे जायला एकच वाट आहे. त्या वाटेवर गेल्या साली माझे दाजी वारले होते.

दाजी म्हणजे मसाउसो. माझ्या एस्नात ताईचा नवरा. आमच्या भाषेत मसाउसो म्हणजे हालअपेष्टा. मी चिडवायचो, "दाजी, नाव ठेवताना आईबापांनी पुढचं सगळं बघूनच ठेवलं हो." ते म्हणायचे, "मेव्हणा तू मिळणार हे त्यांना दिसलं असेल."

दाजी किटलीवाले होते. पायी निघालं की आमची रांग ठरलेली असते. पुढे बंदूकवाला, मग गाईड, मग पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी चहाचं सामान घेतलेला किटलीवाला. चहा हे आपलं नावाला. त्याचं खरं काम, मागे कुणी राहू न देणं. उंच गवतातून बाहेर पडलं की मी थांबायचो. मागून दाजी पत्र्याचा मग किटलीवर दोनदा आपटायचे.

टक्... टक्.

म्हणजे सगळे आहेत, चला. ते ऐकलं की माझं पाऊल आपोआप उचललं जायचं. मागे वळून बघायचं कामच नव्हतं.

आणखी एक रीत आहे. तळावर परत आलं की गाईडनं मागे तोंड करायचं, दोन्ही तळव्यांची पोकळ टाळी वाजवायची आणि म्हणायचं, "पोचलो." मगच किटलीवाला सामान खाली ठेवणार, मगच बसणार. त्याआधी नाही. तळ समोर दिसत असला, पायांचे तुकडे पडत असले तरी नाही.

गेल्या साली त्या वाटेवर मी थांबलो, आणि टकटक आली नाही. वळून बघतो तर दाजी झाडाला टेकून बसलेले. लांब दुधीसारखी फळं लोंबतात ते झाड. किटली मांडीवर. मी ओरडलो, "दाजी, अहो टाळी कुठं वाजवली मी?" तर हलले नाहीत. छातीनं दगा दिला होता.

गाडी मागवली. त्यांना गाडीतून नेलं. ती फेरी पायी तळावर पोचलीच नाही. टाळी राहिली.

तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. नंतर ताई म्हणायला लागली, "लॅक्सन, स्वप्नात येतो रे. दारात उभा राहतो. बस म्हटलं तर बसत नाही."

मी म्हटलं, "ताई, दमली आहेस तू." दमलो तर मीही होतो. हा हंगाम झाला की सोडायचं, असं मी दर हंगामाला म्हणतो.

यंदा दाजींची जागा मागितली त्यांच्याच पोरीनं. मैलेसी. पंचविशीची, धडधाकट, तोंडानं तिखट. तिला पुढे गाईडची परीक्षा द्यायची आहे, आणि त्याची पहिली पायरी हीच. ताई आधी नाहीच म्हणाली. मग एका सकाळी तिनं मला मक्याच्या पिठाचा एन्शिमा वाढला, वर सुकी मासळी घातली आणि समोर बसली.

"त्या वाटेनं माझ्या घरचं एक माणूस नेलंस," ती म्हणाली. "ही दुसरी. परत आणून दे म्हणजे झालं."

मी नुसती मान हलवली.

दरड बघायला आम्ही तिघंच निघालो. पुढे बंदूक घेऊन येलेमिया, मग मी, शेवटी मैलेसी. पाहुण्यांना यायला अजून आठवडा होता.

मैलेसीच्या खांद्याला किटली नव्हती. निळा प्लॅस्टिकचा थर्मास होता. येलेमियानं तोंड वाकडं केलं.

"हे काय गं? बाळाचं दूध आहे का आत?"

"किटली घासता घासता बापाचा जन्म गेला," ती म्हणाली. "मी नाही घासायची. आणि चुलीवर चहा उकळेपर्यंत तुमची एक झोप होते, काका."

"मग सगळे आहेत हे कळवणार कशानं?"

"हाक मारीन की! देवानं तोंड दिलंय."

"ते तर दिलंयच," येलेमिया म्हणाला, आणि आम्ही हसत वाटेला लागलो.

पहिलं गवत संपलं. मी थांबलो.

"आहे, मामा!"

चाललो. उन्हानं डोळे चुरचुरत होते. डोक्यात हिशेब चालला होता, होडी कुठे लावायची, सकाळचं ऊन दरडीवर कधी पडेल. दुसरं गवत संपलं.

"आहे हो, आहे."

मग ते झाड आलं. मी तिकडे बघितलं नाही. येलेमियानंही नाही. आम्ही दोघं खाली मान घालून पुढे गेलो आणि तिसऱ्या गवतात शिरलो. हे सगळ्यात दाट. डोक्यावरून जाणारं.

बाहेर पडून मी थांबलो.

मागून आलं...

टक्... टक्.

मी चालायला लागलो.

हो, चाललो. वीस वर्षांचे कान आहेत हे. टकटक आली, पाऊल उचललं. येलेमियाही चालला. आम्हा दोघांच्या मनात काही म्हणजे काही आलं नाही.

पुढे एक सुका ओढा लागला. त्यात उतरलो, चढलो, थांबलो.

टक्... टक्.

पुन्हा चाललो. एक मात्र जाणवलं. पाखरं गप्प झाली होती. एरवी त्या वाटेवर पारवे घुमून घुमून डोकं उठवतात. आता काहीच नाही. आमच्या बुटांचा आवाज, आणि मध्येच मागून ती टकटक. ती जरा हळू येत होती. मला वाटलं, पोर दमली.

मग दरड दिसली. काय सांगू! अख्खी दरड लालभडक झालेली, खाली पाणी, वर हजारो राघूंचा कालवा. ऊन बरोबर समोरून. फोटोवाले वेडे होतील अशी जागा. मी खूश होऊन हात मागे केला.

"मैलेसी, चहा दे गं."

हातात काही आलं नाही.

"मैलेसी?"

वळलो. वाट मोकळी होती. गवतापर्यंत मोकळी. माणूस नाही, चिटपाखरू नाही.

"आत्ताच तर वाजवलं तिनं," येलेमिया म्हणाला.

"हो, आत्ताच..."

आणि मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरताना मी बघितलं. माझंही उतरलं असणार.

किटली आणलीच नव्हती.

ताईचं तोंड डोळ्यांपुढे आलं. 'परत आणून दे.' मी तिच्या नावानं ओरडत मागे धावलो. येलेमियानं दंडाला धरून थांबवलं आणि बंदुकीच्या नळीनं खाली दाखवलं.

आमच्या बुटांच्या ठशांवर दुसरे ठसे होते.

सिंहिणीचे. ताजे. मोठी, पूर्ण वाढलेली. आम्ही उभे होतो तिथून चार ढांगांवर येऊन ती नदीकडे वळली होती. म्हणजे सबंध वाट ती आमच्या पाठोपाठ आली होती, आणि आम्हाला पत्ता नाही.

ठसे धरून मागे निघालो. येलेमिया पुढे, बंदूक ताणून. सुक्या ओढ्यात वाळू होती, तिथे सगळं स्वच्छ उमटलं होतं. सिंहीण आमच्या ठशांवरून सरळ येत होती... आणि मध्येच थांबली होती. वाट सोडून तिनं एक गोल फेरा मारला होता. मग आणखी एक. पुन्हा वाटेवर आली होती.

कशाला तरी वळसा घातल्यासारखा. मध्ये काय होतं?

काही नव्हतं. कोरी वाळू.

"दगड नाही, झुडूप नाही," येलेमिया पुटपुटला. "कुणाला वळसा घातला हिनं?"

मी त्याला झाडाकडे रेटलं.

मैलेसी झाडाजवळच सापडली. वारुळावर बसली होती. थर्मास छातीशी धरलेला. जिवंत, धडधाकट, एक ओरखडा नाही. मी तिला धरलं आणि लहान मुलासारखा रडलो. लाज कसली त्यात!

"का बसलीस? हाक का नाही मारलीस?"

"आवाज फुटेना, मामा." तिचे ओठ सुकले होते. "झाडापाशी आले आणि कानाशी कुणीतरी म्हणालं, 'बस गं बाई. मी आहे मागे.' माझे पायच वाकले. किटलीच्या काजळीचा वास आला. मग माझ्या पुढे टकटक झाली आणि तुम्ही चालायला लागलात."

"आणि सिंहीण?"

"त्या गवतातून निघाली. इथून, इतक्या जवळून गेली. माझ्याकडे बघितलंच नाही. तुमच्या मागे लागली. पण मामा..."

"काय?"

"वारुळावरून गवतापलीकडची वाट दिसत होती. ती झपकन पुढे व्हायची आणि थबकायची. तुमच्या आणि तिच्या मध्ये जागा होती. तेवढी जागा ती ओलांडत नव्हती."

येलेमियानं टोपी काढली.

"दाजी दिसले तुला?" मी विचारलं.

"नाही दिसले." तिचे डोळे भरून आले. "पण फार दमलेत, मामा. श्वास ऐकू येत होता. ओझं उतरवताना घ्यायचे ना, तसा. फक्त ओझं काही उतरत नव्हतं."

परत निघालो. या वेळी मी मैलेसीला मध्ये घेतलं. शेवटी कुणी नव्हतं. गवत संपलं की मी थांबत होतो... आणि शेवटून टकटक येत होती. प्रत्येक वेळी.

तळावर पोचलो. मी मागे तोंड केलं. वाट मोकळी होती, ऊन तापलं होतं, धूळसुद्धा हलत नव्हती. मला कळत होतं काय करायचं ते. एक टाळी. एक शब्द. माणूस बसेल तरी. वर्षभर उभा आहे.

मी हात उचलले.

मैलेसीनं माझी मनगटं धरली.

"नको ना, मामा."

"अगं, तुझा बाप आहे तो. सोड त्याला."

"मला महिनाभर त्याच वाटेनं चालायचंय. सगळ्यांत शेवटी. तुमच्या मागे मी असेन. माझ्या मागे कोण असेल?"

येलेमिया दुसरीकडे बघत राहिला. मी खूप वेळ हात तसेच धरून उभा होतो.

मग खाली घेतले.

सहल रद्द करावी असंही मनात आलं. पण पाहुणे निघाले होते, राघू तीच दरड धरून बसले होते, आणि पोरीची हंगामभराची हजेरी बुडाली तर परीक्षा बुडते. ताईकडे गेलो. तिनं लेकीला चाचपून बघितलं, आणि मला विचारलं, "टाळी वाजवलीस ना रे?"

"वाजवली," मी म्हटलं.

पाहुणे आले. आता रोज जातो. मैलेसीच्या खांद्याला तोच निळा थर्मास असतो. गवत संपलं की ती हाक मारते, "आहे, मामा." आणि तिच्या मागून टकटक येते. पाहुण्यांना वाटतं, कुठलासा पक्षी असेल. एकानं मला नावही विचारलं. तळावर आलो की मी हात खिशात घालतो.

ताई परवा म्हणाली, "अजून उभाच दिसतो रे. आता दाराच्या चौकटीला धरून उभा असतो."



आज सकाळी तिसऱ्या गवतातून बाहेर पडलो. थांबलो. मैलेसीनं हाक मारली. मग मागून...

टक्.

मी दुसरीची वाट बघत राहिलो. पाहुणे उन्हात उभे, कुणीतरी विचारलं का थांबलोय. मैलेसीनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बऱ्याच वेळानं दुसरी आली. इतकी हळू, की आली म्हणायलाही धीर होईना.

उद्या पुन्हा तीच वाट आहे. फोटोवाल्यांना अजून एक सकाळ हवीय.