एका दमातला सूर

"कबड्डी-कबड्डी-कबड्डी..." म्हणत सुलक्षणा मधली रेषा ओलांडून पलीकडे घुसली आणि नेमका तेव्हाच मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमधून ट्रंपेट सुरू झाला. वरातीची चाल. हळूच उचललेली, मग एक पायरी वर, आणखी एक पायरी... आता तो सगळ्यात उंच सूर लागणार, लागणार — आणि फुस्स. सूर मधेच खाली बसला. सुलूच्या पावलाची लयच निसटली, आणि कुंदाने तिचा घोटा धरून तिला मातीत लोळवलं.

पहिल्यांदा ती हसली. पण मग रोजच तेच व्हायला लागलं. तीच चाल, तीच चढण, आणि त्याच जागी फुस्स. घरी भांडी घासताना तो अर्धा सूर तिच्या डोक्यात फिरायचा. कॉलेजात सर फळ्यावर काही लिहीत असायचे आणि हिचा पाय बाकाखाली त्याच चालीवर हलत असायचा, त्या एका जागेशी येऊन अडकायचा. सुलू मुळातच एका जागी ठरणारी नव्हती. एकोणीस वर्षांची, मंडळाच्या संघात सगळ्यात लांब दमाची. अर्धवट सोडलेली गोष्ट तिला सहनच व्हायची नाही, मग ती रांगोळी असो की भांडण.

शेवटी एका संध्याकाळी ती गुडघ्यांवरच्या मातीसकट थेट शेडमध्ये शिरली.

उलट्या पिंपावर एक मुलगा बसला होता. बारीक, खांदे पुढे पडलेले, अंगात बँडचा लाल कोट. पापण्या मात्र इतक्या लांब की आपण काय बोलायला आलो तेच सुलू क्षणभर विसरली.

"तो सूर लावायचा तर पुरा लाव ना," ती म्हणाली. "नाहीतर वाजवूच नको."

"तू कोण?"

"तुझ्यामुळे रोज बाद होते ती."

तो हसला... आणि हसताना त्याच्या ओठांवर ट्रंपेटच्या तोंडाचा गोल वळ दिसला. तिने नाव विचारलं.

"चंद्रप्रकाश."

"बाप रे. हाक मारता मारताच दम जाईल."

"तुझा नाही जायचा," तो हळू म्हणाला. "रोज ऐकतो मी. तुझी कबड्डी पत्र्यातून इथपर्यंत येते... संपतच नाही."

सुलूने घाईघाईने गुडघ्यावरची माती झटकली. खरं तर ती माती कधीच वाळून घट्ट बसली होती.

मग हळूहळू सगळं कळत गेलं. त्याच्या दादूमामाचा बँड होता, लग्नाच्या वराती वाजवणारा. पण चंद्रप्रकाशला वरातीत आयुष्य काढायचं नव्हतं. अंधेरीच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राला मुख्य ट्रंपेटवाला हवा होता, दिवाळीनंतर ते महाराष्ट्रभर दौऱ्यावर निघणार होते, आणि त्यांच्या चाचणीत हीच चाल त्या उंच सुरासकट एका दमात वाजवून दाखवायची होती. तो सूर लागला तर तो ऑर्केस्ट्रात. नाही लागला तर पुन्हा तोच लाल कोट आणि नाचणाऱ्या घोड्यापुढे चालणं.

"आज काय खाल्लंस?" सुलूने विचारलं.

"चहा."

"आणि?"

"आणखी चहा." तो ओशाळला. "वाजवायच्या दिवशी आम्ही जेवत नाही. मामा म्हणतो, पोट रिकामं असलं की वारा जास्त मावतो. वरात संपली की मग हाणायचं, वडे, जिलब्या, मिळेल ते."

बँडमधले सगळेच असे वागत. बाप वागला म्हणून मुलगा वागला. सुलूने कपाळाला हात लावला.

"वारा पोटात भरतोस तू? फुप्फुसं काय करतात मग, वरात बघतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला आरे कॉलनीच्या रस्त्यावर बोलावलं. चढावर झाडांची गार सावली, गवतावर दव, दूध घेऊन जाणाऱ्या गाड्यांची खडखड. तिने त्याला धावायला लावलं, आणि नुसतं धावायला नाही, तर धावता धावता एका दमात कबड्डी म्हणायला. तो दुसऱ्या वळणालाच वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला. दूधवाले हसले. सुलूही हसली, मग तिला त्याची दया आली, आणि ती दया तिला फारच आवडली... तेव्हा तिने मुद्दाम त्याला आणखी पळवलं.

रोज सकाळी आरे, मग खांदे मागे खेचायचे व्यायाम, कारण पोक काढून बसलं की छाती उघडणार कुठून? वडे बंद. चहा सकाळचा एकच. वाजवायच्या आधी पोट फार भरलेलं नको, पण रिकामं तर अजिबात नको, म्हणून थोडं आधी नाचणीची भाकरी, मोड आलेले मूग, एखादं केळं. सगळं कबड्डीच्या भाऊसरांनी मुलींना शिकवलेलं, सुलूने ते जसंच्या तसं त्याच्यावर लादलं. भाकरी ती घरून आणायची. संपानंतर गिरणी सुटलेले तिचे बाबा आता इथल्याच एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. त्यांच्या डब्याबरोबर एक जास्तीची भाकरी थापली जाते, हे आईच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार?

"कोणासाठी गो ही भाकरी?" आईने विचारलं.

"संघासाठी," सुलू म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

हळूहळू चंद्रप्रकाशच्या गालांवर रंग आला. उपाशीपोटी त्याचे ओठ थरथरायचे, ते थांबले. पूर्वी अर्धा तास वाजवलं की मान आखडायची, आता ट्रंपेट खाली ठेवायची इच्छाच होत नाही म्हणाला. आणि एका संध्याकाळी सुलू चढाईवर असताना ती चाल पुन्हा सुरू झाली, पायरी पायरी वर गेली, उंच सुरावर पोचली... आणि तिथेच राहिली. राहिली, राहिली. कुंदा बघत उभी. सुलू मैदानाच्या मध्यावर थबकलेली, दम सुटला तरी तिला कळलंच नाही.

त्या दिवसापासून तिची खरी बेचैनी सुरू झाली. आधी सूर अर्धा राहतो म्हणून जीव तगमगायचा. आता पुरा लागतो म्हणून. पुरा लागला म्हणजे तो जाणार. नाशिक, सांगली, कोल्हापूर, नागपूर... गावोगावच्या मांडवांत हाच सूर लागेल, आणि समोरच्या खुर्च्यांवर कोण कोण बसलेलं असेल, कुणाला माहीत. ती उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. केस विंचरायची, सोडायची. पुस्तक उघडून तेच पान वाचायची. आई म्हणाली, "काय गो, जेवक नको तुका?" आणि सुलूला भूक नव्हती.

चाचणीच्या सकाळी ती भाकरी घेऊन शेडमध्ये गेली तर तो येरझाऱ्या घालत होता.

"मामाने शपथ घातलीय," तो म्हणाला. "म्हणतो, इतर दिवशी कर काय ते, पण आज मोठा दिवस. आज तरी उपाशी जा." तो थांबला, तिच्याकडे बघत राहिला. "तू सांग. मामाचं ऐकू की खाऊ?"

सुलूच्या हातात भाकरीचा रुमाल तसाच राहिला.

एकच वाक्य पुरलं असतं. ऐक मामाचं. बस्स. ओठ थरथरले असते, सूर बसला असता, आणि उद्या संध्याकाळी तो याच पिंपावर असता... मैदानापासून हाकेच्या अंतरावर. किती सोपं. शेडच्या पत्र्यावर एक कावळा नखं खरवडत चालत होता, तेवढाच आवाज. ती वळली, दारापर्यंत गेली, परत आली.

"बस," ती म्हणाली. "खा."

त्याने खाल्लं. ती समोर बसून बघत राहिली, घास न् घास, आणि तो बसस्टॉपकडे निघाला तेव्हा हात हलवायलाही बाहेर आली नाही.

संध्याकाळी सरावाला ती आली खरी, पण पहिल्याच चढाईत तिचा दम मधेच तुटला. दुसऱ्या चढाईतही. कुंदा वैतागली, आज काय झालंय तुला म्हणून ओरडली, मग मैदानाच्या कडेला बघून तिने सुलूला कोपराने ढोसलं.

चंद्रप्रकाश उभा होता. केस विस्कटलेले, ट्रंपेटची पेटी छातीशी.

"घेतलं," तो म्हणाला.

"माहीत होतं," सुलू म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा ती चालायलाच लागली, मैदानाच्या कडेकडेने, भराभर. तो तिच्या मागे.

"सुलू, थांब ना."

"नाही थांबत. सकाळी मी तुला उपाशी पाठवणार होते." ती चालता चालताच बोलली, सगळं एका श्वासात. "शब्द तोंडात आला होता. तू हरावास असं वाटलं मला. म्हणजे, तू इथेच राहिला असतास. आता कळलं ना मी कशी आहे ती? जा आता नागपूरला."

मागची पावलं थांबली. तिचीही थांबली.

"मला कुठे कळलं?" तो म्हणाला. "तुझा हात थांबला तेवढं दिसलं. मुद्दामच विचारलं होतं मी... मामाच्या शपथेला मी थोडाच घाबरतो? मला बघायचं होतं, तुला मी इथे हवाय का. आणि तू म्हणालीस, खा. मला वाटलं... तुझ्या मनात माझ्यासाठी काही नाही. वाजवताना डोळे मिटले होते आणि तेच डोक्यात. नाही म्हणजे नाहीच."

"तरी सूर लागला?"

"लागला. आयुष्यात इतका लांब कधी लागला नव्हता. पण सुलू... आनंदच होईना."

मैदानावर कुणीतरी दिवा लावला. सुलू त्याच्याकडे बघून हसली, रडतारडता हसली, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसताना गालावर मातीचा पट्टा ओढून बसली. त्याने हात उचलला, पुसायला... आणि मैदानातल्या सगळ्या मुली आपल्याकडे बघतायत हे पाहून तसाच खाली घेतला.

"परत येईन मी," तो म्हणाला. "होळीच्या आत. वाट बघशील?"

"बसून वाट बघणं मला जमत नाही," सुलू म्हणाली. "मी वेडी होईन. त्यापेक्षा जायच्या आधी एक काम कर. उद्या आमच्याकडे जेवायला ये. आईने विचारलंय, भाकरी कोणासाठी ते. तूच सांग. बाबाही असतील."

चंद्रप्रकाशच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. ज्याने सकाळी अंधेरीचा अख्खा हॉल हलवला होता, तो आता पेटीची कडी उगाचच उघडत-लावत राहिला.

"घाबरलास?"

"हो," तो म्हणाला.

"मग घाबरत ये," सुलू म्हणाली. "पण ये."