टाळ्यांच्या मागे

नगरजवळच्या केडगावात, पुणे रस्त्याला लागून, श्रीमंत भिंगारदिवेचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. श्रीमंत हे नाव आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलं होतं आणि चव्वेचाळिशीतही ते आशेवरच चाललं होतं. दुकानाचं नाव 'स्वरसंगम'. गिऱ्हाइकानं गाणी सांगायची, श्रीमंतनं ती रेकॉर्डवरून कॅसेटवर उतरवायची. एप्रिलमध्ये जयंतीची गाणी, मे महिन्यात लग्नाची, श्रावणात भजनं. आवाज मोठा असला की त्याच्या लेखी सगळे धर्म सारखेच.

कामाची त्याची एक रीत होती. कॅसेटच्या सुरुवातीला तो काउंटरवरच्या माइकचं बटण दाबून स्वतः बोलायचा, "स्वरसंगम, केडगाव." आणि कॅसेट भरून झाली की तिच्या पाठीवरच्या दोन इवल्या प्लॅस्टिकच्या चकत्या पेचकसानं मोडायचा. कट्. कट्. चकत्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, या दोन आवाजांशिवाय कॅसेट काउंटर ओलांडत नसे.

गिऱ्हाइकानं घरून आणलेली, न मोडलेली कॅसेट मात्र तो पुसूनही द्यायचा. एका गृहस्थाचा मोडलेला साखरपुडा त्यानं पुसला होता आणि त्यावर हरिपाठ भरला होता. गृहस्थ सुखात होते. नकोसं झालेलं काहीही वरून दुसरं भरलं की जातं, हे श्रीमंतचं एकूण जीवनाविषयीचं तत्त्वज्ञान होतं, आणि त्याला अजून कोणी खोटं पाडलं नव्हतं.

त्याचं स्वतःचं वेड निराळं. विशीत असताना भिंगारच्या लष्करी कॅम्पातल्या साहेबांच्या बदल्या झाल्या, की भंगारवाल्याकडे इंग्लिश रेकॉर्डी यायच्या. रॉक. झिपऱ्या गोऱ्यांची गाणी. श्रीमंत आणि त्याचा मित्र हनुमंत त्या आणून रात्रंदिवस लावायचे. शब्द एक कळत नसे. त्यामुळे भक्ती वाढली. श्रीमंत डालड्याच्या डब्यावर साथ करायचा. गाण्यात कुठे ताल क्षणभर थांबला, की तेवढी जागा तो हटकून ठोका मारून भरायचा.

"तुझ्या हाताला मोकळी जागा बघवत न्हाई," हनुमंत म्हणायचा.

पुढे लग्नं झाली, रेकॉर्डी माळ्यावर गेल्या. हनुमंत कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात फिटर झाला. मग पंचाण्णवच्या मे महिन्यात, गळीत हंगाम संपल्यावर, तो एक खोकं छातीशी धरून दुकानात आला. मस्कतच्या चुलतभावानं पाठवलेला सीडी प्लेअर. सोबत एकच सीडी. ज्या रेकॉर्डची त्या दोघांनी तरुणपणी घासून चाळण केली होती, तोच विलायतेतला कार्यक्रम.

सुरुवातीला श्रीमंतला वाटलं, मशीन बंद आहे. खरखर नाही, चरचर नाही, काहीच नाही. आणि त्या काहीच-नाहीमधून एकदम गिटार आली. ड्रमवाल्याची काठी पत्र्याच्या कडेला कुठे लागते तेही कळत होतं. श्रीमंतचे डोळे भरून आले. रस्त्यावरची धूळ फार आहे, असं तो म्हणाला.

"वीस वर्सं आपन खरखरच ऐकली म्हन की," हनुमंत म्हणाला. "आता तुझ्या दुकानाला हार घाल, श्रीमंता. आन् उदबत्ती लाव."

श्रीमंत हसला. पण हातातला पेचकस काउंटरवर ताल धरून वाजत होता, आणि जरा जोरातच.

सीडी आणि प्लेअर दुकानातच राहिले. लोक चमत्कार बघायला यायचे, सीडीत तोंड बघून केस नीट करायचे आणि कॅसेट न घेता जायचे.

तिसरं गाणं संपून चौथं सुरू होण्याआधी टाळ्या होत्या. हजारो लोकांच्या. जुन्या रेकॉर्डवर त्या खरखरीत बुडायच्या. आता एकेक टाळी सुटी ऐकू येत होती, आणि त्यांच्या मागे आणखी काहीतरी होतं. काहीतरी लोखंडी, घसरत येणारं आणि मध्येच किंचाळून अडकणारं.

श्रीमंतनं ते पुन्हा लावलं. मग मान वळवून स्वतःच्या शटरकडे पाहिलं. गेल्या वर्षी एक ट्रक मागे घेताना शटरला लागला होता, तेव्हापासून ते निम्म्यावर येऊन असंच किंचाळायचं. नगर जिल्ह्यात असं शटर दुसरं नव्हतं. विलायतेत तर नसावंच.

दुसऱ्या दिवशी सीडीतल्या त्या शटरच्या आवाजामागून माणूस बोलला. "खाली ठेव की ते. येडा झाला का?" मग एक ओला, जड आवाज. मग ओरडणं. "आरं, मी हाय! मी हाय रं!" मग फटक्यांवर फटके. शेवटी घशात पाणी अडकल्यासारखी गुळणी, आणि बारीक शीळ, येत-जात राहिलेली. गर्दीतलं कोणीतरी शिट्टी वाजवतंय, असं श्रीमंतनं स्वतःला सांगितलं. सगळ्यात शेवटी दोन कोरड्या टिचक्या. लगेच चौथं गाणं.

त्या टिचक्यांनी मात्र त्याला बरं वाटलं. म्हणजे सीडीलाही चरा पडतो तर! एवढी मिजास कशाला मग?

ओरडणाऱ्याचा आवाज हनुमंतचा होता. त्यात शंका नव्हती.

त्यानं हनुमंतलाच ते ऐकवलं. हनुमंत कान देऊन ऐकत राहिला आणि मग हसला.

"कोन रं ह्यो? लई बोंबलतोय. पन मारनारा तालात हाय बघ. त्याच गान्याचा ठेका धरून हानतोय."

"आवाज ओळखीचा नाही वाटत?"

"आपल्या वळकीत एवढा भित्रा कोन हाय?"

श्रीमंतनं प्लेअर बंद केला. धंद्यामुळे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माणसाला भरलेला आवाज ऐकवला, की सगळ्यांचे ओळखतो, स्वतःचा तेवढा ओळखत नाही.

"हनम्या, तू आठ दिवस दुकानात येऊ नको."

"का? तुझं गिऱ्हाईक पळवतो का काय मी?"

"सांगतोय ना. नको येऊ."

पोलिसांत जाऊन सांगणार काय? साहेब, गोऱ्यांच्या कार्यक्रमात आमचा मित्र मार खातोय?

दुपारी त्याची बायको भारती डबा घेऊन आली. तो परत तेच ऐकत बसला होता. तिनं पदर तोंडाशी नेला.

"बंद करा ते. कोणाला तरी मारून टाकतायत."

"कोण मारतंय, तेच कळत नाही. मारणारा एक शब्द बोलत नाही."

शीळ आली. येत राहिली, जात राहिली. लहानपणी विटी लागून श्रीमंतचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून दम लागला की उजव्या नाकपुडीतून शीळ वाजायची. भारती त्याच्या नाकाकडे बघत राहिली. मग डबा तसाच ठेवून निघून गेली.

श्रीमंतनं ठरवलं, हे पुसायचं.

सीडी पुसली जात नाही, हे त्यालाही कळत होतं. पण जे कॅसेटवर उतरतं ते पुसलं जातं. त्यानं तेवढाच तुकडा कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा चकत्या न मोडता कॅसेट उलटी गुंडाळली. आता वरून नुसती शांतता भरायची. त्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. हात सवयीनं माइकच्या बटणावर गेला आणि तेही दाबून आला. कळायला हवं होतं. पण रोजची सवय विचारून येत नाही.

तेवढ्यात हनुमंत आत आला.

"येऊ नको म्हनलास, म्हनून आलो. सीडी घिऊन जातो. डोक्यात बसलीय ती तुझ्या."

श्रीमंतनं धावत जाऊन रस्त्यावर पाहिलं. ऊन, डांबर, एक उभा टेम्पो. माणूस कोणी नव्हतं. पण मारणारा कुठूनही येऊ शकत होता. कोपऱ्यातला लोखंडी गज त्यानं उचलला, त्याचा आकडा शटरमध्ये अडकवला आणि शटर खाली ओढलं. निम्म्यावर येऊन ते किंचाळलं. त्यानं जोर लावला. शटर टेकलं.

आता आत कोणीही येणार नव्हतं. त्याला हायसं वाटलं.

"दुपारी दुकान बंद? आरं काय भ्यालास एवढा?" हनुमंतनं प्लेअर लावला. "आयक. काय हाय त्यात?"

तिसरं गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या.

मागे काही नव्हतं.

शटर नाही, माणूस नाही. फक्त टाळ्या, धुतल्यासारख्या स्वच्छ.

"बघ. काय हाय? टाळ्या. कान साफ कर जरा."

गाणं संपलं होतं, पण श्रीमंतच्या हातात त्याचा ठेका चालूच होता. टाळ्यांच्या मागे मोकळ्या जागा होत्या. त्या कुठे आहेत, ते त्याला पाठ होतं.

हनुमंत वळला. त्याची नजर गजावर गेली.

"खाली ठेव की ते. येडा झाला का?"

श्रीमंत गज ठेवायला वाकलासुद्धा.

पहिली जागा आली.

गज हनुमंतच्या कानामागे बसला. आवाज तोच होता, ओला, जड. हनुमंत काउंटरवर आपटला, दात काचेवर सांडले.

"आरं, मी हाय! मी हाय रं!"

श्रीमंतला ते माहीत होतं.

दुसरी जागा. तिसरी. हात मध्ये आला, तो मोडला. कपाळ खोल गेलं. छताच्या पंख्यानं रक्ताचे थेंब सगळ्या कॅसेटींवर सारखे वाटले.

मग गुळणी.

मग नुसती शीळ. ती आपल्याच नाकातून येते आहे, हे श्रीमंतला जरा उशिरा कळलं.

कॅसेट संपली. बटण आपोआप वर आलं. लाल दिवा विझला.

श्रीमंतनं कॅसेट काढली. शर्टाच्या टोकानं पुसली. काउंटरवरचा पेचकस हाताशीच होता.

कट्.

कट्.

लगेच चौथं गाणं सुरू झालं, अगदी वेळेवर. श्रीमंत मोडलेल्या चकत्यांकडे बघत राहिला.

सीडीला चरा नव्हता.