पटाशीची ओढ

नाजिमा भिणारी बाई नव्हे. खडकीला तिचं कोरीवकामाचं दुकान आहे. देवघराची कमान असो की दर्ग्याची जाळी, सगळं ती हाताने कोरते. त्यामुळे कर्वेनगरहून मंदाकिनीबाईंचा फोन आला, तेव्हा तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. बाईंचे यजमान दिगंबरराव निवृत्तीनंतर हौसेने लाकूड कोरायचे. नात अपूर्वाला दिवस गेल्याचं कळताच त्यांनी पाळणा करायला घेतला आणि अर्धा टाकून ते गेले. आता अपूर्वाचे दिवस भरत आले होते. पाळणा आजोबांच्याच हत्यारांनी पुरा व्हावा, एवढीच तिची इच्छा.

"आधी दोन सुतार आले, हात कापून घेऊन गेले," दार उघडतानाच मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आधीच सांगते. नंतर बोलला नाहीत म्हणू नका."

"धारेचं हत्यार कापणारच, काकू."

"आणि दुपारी त्या खोलीतून टकटक ऐकू येते. मी दार उघडत नाही."

नाजिमाने मात्र ते सरळ उघडलं. मागची गॅलरी बंद करून केलेली अरुंद खोली. सागाच्या भुशाचा आणि अळशीच्या तेलाचा कोंदट वास. मधोमध पाळणा, आणि शेजारी जाड कापडावर मांडलेल्या पटाश्या: सपाट, गोल, एक तर नखाएवढ्या पात्याची. मुठी हाताळून हाताळून काळ्या पडलेल्या. नाजिमाला त्या बघताक्षणी आवडल्या.

पानांची वेल अर्धी कोरलेली होती. तिने तिथूनच सुरुवात केली. गोल पटाशी लोण्यातून जावी तशी चालली. मग अचानक ती डावीकडे सरकली. लाकडाची रेषा फिरली असेल, असं म्हणून तिने हात सावरला. पुन्हा तेच. पातं वेल सोडून पाळण्याच्या वरच्या आडव्या दांडीकडे ओढत होतं, जिथे कोरायचं काहीच नव्हतं.

गुरुवार होता, वीज दुरुस्तीचा ठरलेला वार; दुपारी लाइट गेले. पंखा थांबला आणि खोली एकदम गप्प झाली. नाजिमाने कोरणं थांबवलं. तेव्हा तिला जाणवलं... मुठीवरच्या तिच्या अंगठ्यावर आणखी एक अंगठा होता. गार, खरखरीत. हळूच दाबणारा.

तिच्या मानेवर काटा आला. पण हत्यार घाबरून सोडलं की ते पायावर पडतं, हे तिला ठाऊक होतं.

"साहेब," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हात माझा आहे. कापायचं नाही. काय दाखवायचंय ते दाखवा..."

आणि तिने पकड सैल केली.

पातं दांडीवर टेकलं. एकदा दाबलं, दुसऱ्यांदा दाबलं, आणि थेट मुठीपर्यंत आत रुतलं. आत लाकूड नव्हतंच, पिवळं पीठ होतं. सागाला सहसा कीड लागत नाही. ही दांडी दुसऱ्याच कसल्या लाकडाची, सागाचा रंग मारून कुणीतरी खपवलेली. नाजिमाने दोन्ही हातांनी जोर दिला. दांडी काडकन मोडली.

याच दांडीला पाळणा टांगायचा होता. त्यात बाळ असतं.

दुकानातून अस्सल सागाची दांडी आणून तिने आठवड्याभरात पाळणा पुरा केला. त्यानंतर पटाशी एकदाही हलली नाही. अपूर्वा येऊन वेलीवरून बोटं फिरवून रडली आणि हसली.

ती गेल्यावर मंदाकिनीबाईंनी चहा केला. नाजिमा खुशीत होती.

"दिगंबररावांनीच दाखवलं, काकू. पणतवंडात जीव अडकला होता त्यांचा. आता टकटक यायची नाही."

मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला.

"शेवटी हे अंथरुणाला खिळून होते," त्या म्हणाल्या. "टकटक तेव्हाही यायची, नाजिमा. ह्यांचा हात माझ्या हातात असायचा. दोघं ऐकायचो. म्हणायचे, मंदा... तो बसलाय आत. दार उघडू नकोस."

"तो... म्हणजे कोण?"

"ते नाही सांगितलं. हत्यारं जुन्या बाजारातून आणली होती, एवढंच मला माहीत." त्यांनी गुंडाळलेलं कापड पुढे सरकवलं. "नेता का तुम्ही?"

"नको, काकू," नाजिमा म्हणाली. इतक्या चटकन तिने चांगल्या हत्याराला कधी नाही म्हटलं नव्हतं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. उन्हं कलली होती, पुलावर नेहमीची गर्दी. बरं झालं, बाळाचं तर भलं झालं, असं मनाशी म्हणत तिने सहज खाली पाहिलं.

तिचा डावा हात मांडीवर होता. बोटं काहीतरी धरल्यासारखी मिटलेली, अंगठा दाबलेला. हात सावकाश पुढे सरकत होता, वळत होता, मागे येऊन पुन्हा तीच रेघ धरत होता. नाजिमा उजव्या हाताने कोरते. तिने उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलं, तरी बोटं थांबली नाहीत. शेवटी बोटं काय कोरतायत ते ती नीट निरखून बघू लागली.

ती नक्षी तिने आजवर कुठेच पाहिली नव्हती.