दुसरा पंच

पंच मिळवणं हे पोलिसाच्या वाट्याला येणारं सगळ्यात लाचार काम. मेलेल्या माणसाभोवती मोबाईल वर करून दीडशे जण उभे असतात. पंचनाम्यावर सही करा म्हटलं की रस्ता साफ. कोर्टाची पायरी कुणाला चढायचीय?

अकरा वर्षांपूर्वी लोअर परळला एका चाळीचा सज्जा कोसळला. खाली सापडून सात वर्षांची मुलगी मेली. पंच दोन लागतात. हवालदार लवू परबांना एकच मिळाला, नाक्यावरचा पानवाला. वैतागून दुसरा त्यांनी मनानेच लिहिला: भिवा सखाराम तावडे, राहणार भोईवाडा. सही डाव्या हाताने ठोकून दिली.

मुलीच्या अंगावरचं सगळं त्यांनी लिहिलं, एक सोडून. तिच्या उजव्या पायात घुंगरांचं पैंजण होतं. तसलंच पैंजण घरी त्यांच्या मुलीच्या, आकांक्षाच्या पायात होतं, आणि तीही सातच वर्षांची. पेन पुढे सरकेना. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. करी रोडच्या त्यांच्या खोलीत मेलेल्यांचा विषय निघायचाच नाही. बायको आणि मुलीला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट त्यांनी नोकरीभर सांभाळला. खात्याने एकदा तासाभराचं शिबिर ठेवलं, झोप लागते का विचारलं. सगळे हो म्हणाले आणि वडापाव खाऊन ड्युटीवर गेले.

मग एका बुडालेल्या माणसाच्या पंचनाम्यावर भिवाची सही दिसली. तिथे पंच म्हणून उभे केलेले दोघे तर वेगळेच होते. कुणीतरी चेष्टा करतंय म्हणून परब गप्प बसले. पुढे एक जळालेली बाई, पुढे लिफ्टखाली आलेला वायरमन. दरवेळी तीच वाकडी सही.

काल न राहवून त्यांनी बरोबरच्या राजेशला विचारलं.

"भिवा ना? त्याला बोलवावं नाय लागत, परबदादा. आपल्या आधीच येऊन बसलेला असतो."

दिसतो कसा, हे राजेश बराच वेळ आठवत राहिला. त्याला सांगता आलं नाही.

आज दुपारी परब जेवायला घरी आले. तुमचे तावडे येऊन गेले, बायको म्हणाली, तासभर आकांक्षाशीच बोलत होते.

आकांक्षा खिडकीपाशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

"काय बोलला तो?"

"सगळं, बाबा. पहिल्यापासून."

परबांनी दार लोटून घेतलं.

"वय विचारलं त्यांनी. अठरा पूर्ण म्हटल्यावर म्हणाले, मग पंच म्हणून चालेल. बाबांना सांग, आता मला सोडा."

तिने कागद पुढे केला. लोअर परळचा पंचनामा, परबांच्याच अक्षरातला. तो कोर्टात जमा असायला हवा होता. पानवाल्याची सही जागेवर होती. भिवाचं नाव कुठेच नव्हतं. त्या जागी आकांक्षा लवू परब, राहणार करी रोड.

वर, मुलीच्या कपड्यांच्या यादीखाली, एक ओळ वाढली होती. अक्षर आकांक्षाचं होतं.

उजव्या पायात घुंगरांचं पैंजण.