पटक्याची खूण

वेरूळच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला काकासाहेबांचं दहा एकर रान आहे. उन्हाळ्यात ते मोकळं पडलं की त्रिंबक तिथं मेंढ्या बसवायचा. खताच्या बदल्यात ज्वारी, असा दोघांचा जुना रिवाज. कडेला पाल ठोकायचं, बायको राजाबाईनं चूल मांडायची, आणि दुसऱ्याचा कळप लांबून येताना दिसला की त्रिंबकनं डोक्याचा पटका सोडून गरागरा फिरवायचा. इथं रान धरलंय, पुढं जा! ही खूण तिकडच्या सगळ्या धनगरांना कळते.

त्या सोमवारी दिवस मावळायला आला होता. शिकाऊ पोरांचं हेलिकॉप्टर तसं नेहमीच शहराकडून यायचं, पण उंचावरून. त्या दिवशी ते थेट रानावर आलं, इतकं खाली की डोळ्यांत धूळ गेली. आतलं पोरगं हातानं खाली दाखवत होतं, उतरू का म्हणून. आता तुम्हीच सांगा, कळपात अकरा मेंढ्या गाभण. भेदरून गाभडल्या तर? त्रिंबकचं डोकं फिरलं. त्यानं पटका सोडून गरागरा फिरवला.

"जा की तिकडं, मसणात!"

पोरानं मान हलवली. हेलिकॉप्टर वळलं आणि डोंगराआड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकासाहेब सांगत आले, "काल पल्याड हेलिकॉप्टर पडलं रे. शिकणारं पोरगं आन् शिकवणारे साहेब, दोघंबी गेले."

त्रिंबकच्या हातातला घास हातातच राहिला. एवढं मोकळं रान, आणि आपण त्या लेकराला हाकललं. सांगणार कुणाला? राजाबाईजवळही त्यानं तोंड उघडलं नाही.

त्याच दिवशी सांजेला आवाज आला. त्रिंबकनं वर बघितलं, आभाळ कोरं. पण मेंढ्यांच्या पाठीवरची लोकर वाऱ्यानं दबत होती, जळक्या तेलाचा वास सुटला होता, आणि सगळा कळप माना वर करून एकाच जागी बघत होता. आवाज घिरट्या घालत राहिला. अंधार पडल्यावर कुठं थांबला.

बुधवारी तेच. त्रिंबकला ना भूक, ना झोप. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता येरझाऱ्या घालायचा.

"काय झालंय तुमाला?" राजाबाईनं विचारलं.

"कुठं काय... वारं लई सुटलंय."

गुरुवारी मात्र त्याला सोसेना. दिवस कलल्यावर त्यानं कळप बांधाला लावला, मधली जागा मोकळी केली. आवाज डोक्यावर आला तसा तो हात जोडून उभा राहिला.

"चुकलं माझं, लेकरा... उतर... रान तुझंच हाय... ये खाली."

आवाज खाली आला. समोरची ढेकळं आपसूक फुटून सपाट झाली. मग एकदम चिडीचूप. त्रिंबक ढसाढसा रडला आणि दोन रात्रींनंतर पहिल्यांदा डाराडूर झोपला.

शुक्रवारी सकाळी चौकशीची जीप बांधाला लागली. कुणी काही पाहिलं का, जीपमधले साहेब विचारत होते. मन हलकं झालेलं. त्रिंबक आपणहून पुढं झाला.

"साहेब, म्याच हाकललं त्याला. सोमवारी, दिवस मावळताना."

साहेबांनी हातातला कागद पाहिला. "मावळताना? बाबा, ते सोमवारी सकाळीच पावणेदहाला पडलं. दुपारी तर दोघांचे मृतदेहही शहरात घाटी दवाखान्यात नेले होते. तेव्हापासून उड्डाणं बंदच आहेत."

"मग सांजेला कोण आलं हुतं?"

"उन्हाचा भास झाला असेल," म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

धूळ खाली बसेपर्यंत त्रिंबक तिथंच उभा होता. पाप घडलं नव्हतं तर आपल्या हातून! अरे देवा, सुटलो, असं त्याला वाटलं. पण लगेच दुसरं मनात आलं. पोरगं सकाळीच मेलं होतं. सांजेला पटका फिरवला तो बरोबरच होता. आणि काल आपण त्यालाच हात जोडून...

तेवढ्यात पालाकडून राजाबाई आली, कपाळाला आठ्या घालून.

"अवं, कुणाचं पोरगं हाय ते? पहाटपासून पालात बसलंय. पाणी दिलं तर पीत नाय. म्हणतंय, धनगर बाबानंच खाली उतरवून घेतलं."

त्रिंबकनं पालाकडं बघितलं. "आनखी... आनखी काय म्हणतंय?"

"म्हणतंय, शिकवणारे साहेब अजून वरच हायत. त्यांस्नी बी हाक मारा म्हणतंय."